वखार भरली म्हणजे



जळगांव-धुळ्याकडे भुईमूग पिकतो, सरकीचें तेल निघतें, भरितावर तेल सढळ हातानें पडतें आणि शेवभाजीवर तर्री नसेल तर यजमानास संकोच वाटतो. तेव्हां तेलाची निंदा करण्यासाठीं हें भाषण नाहीं. मेद हें अन्न आहे. पेशींचीं आवरणें त्याचींच बनतात आणि उपवासांत देह त्याच्यावरच तगतो. प्रश्न आहे तो मेद कोठें सांठतो, याचा.

खाल्लेल्या तेलातुपांतून देहास मेदाम्लें मिळतात. लागतील तेवढीं जळतात. उरलेलीं तीन-तीन मिळून ग्लिसरॉलशीं बांधलीं जातात आणि कातडीखालच्या मेदपेशींत सांठतात. अशीं बांधलेलीं मेदाम्लें बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु कापसाच्या हंगामांत वखार भरल्यावरही गाड्या येतच राहिल्या, तर माल रस्त्यावर उतरवावा लागतो. तसेंच मेदपेशी भरल्यावर सुटीं मेदाम्लें रक्तावाटें यकृत, स्नायू, हृदय आणि स्वादुपिंड यांच्या पेशींत शिरतात. या पेशी कामाच्या आहेत, सांठवणीच्या नव्हेत.

तेथें काय होतें? या पेशींत तंतुकणिका नांवाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. त्यांत प्रमाणाबाहेर इंधन पडलें म्हणजे ऑक्सिजनचे दाहक कण निर्माण होऊन पेशीची नासधूस करतात. जीं मेदाम्लें जळत नाहींत, त्यांपासून सिरॅमाइडसारखे पदार्थ बनतात आणि इन्शुलिनचा निरोप अडवितात. पाम तेलांत व तुपांत पुष्कळ असणारें पामिटिक अम्ल अति झालें, तर प्रथिनें घडविणाऱ्या जालिकेवर ताण येतो. तो ओसरला नाहीं तर पेशी स्वतःच आपला अंत करून घेते. इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी अशा दुबळ्या झाल्या कीं मधुमेह उघड होतो. अमेरिकेंत डॅलस येथील संशोधक रॉजर उंगर यांनीं १९९० नंतरच्या दशकांत या प्रकाराचें विवेचन करून त्यास ‘मेदविषाक्तता’ या अर्थाचें नांव रूढ केलें.

‘वाळक्या माणसाला कसली आली साखर?’ असें घरोघर म्हणतात. हा समज घातक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३, पण देहांतील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो, तरीही स्नायूंच्या मानानें मेद आमच्या बालकांत अधिक आढळला. आपल्या कातडीखालची वखारच लहान, म्हणून ती लवकर भरते, असें कित्येक शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. यास्तव तराजूपेक्षां कमरेच्या घेरावर लक्ष ठेवणें श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट, केवळ तेल वर्ज्य करून भागत नाहीं. अतिरिक्त साखरेपासूनही यकृत मेदाम्लें बनवितें, आणि तींही मुख्यतः पामिटिकच. दिवसांतून पांच वेळां गोड चहा घेणाऱ्यानें भाजींतील फोडणी कमी केल्याचा अभिमान बाळगूं नये.

आतां आशेची गोष्ट. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथें रॉय टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ११ मधुमेही व्यक्तींना आठ आठवडे दररोज सुमारें ६०० कॅलरींचाच आहार दिला. एका आठवड्यांत उपाशीपोटींची साखर सरासरीनें प्रकृतिमानावर आली. पुढें यकृत व स्वादुपिंड यांतील मेदही उतरला आणि इन्शुलिनची निर्मिती सुधारली. म्हणजे पेशी दुबळ्या होतात, पण साऱ्याच मरत नाहींत. ओझें वेळींच उतरविल्यास पुष्कळ पुन्हां कामास लागतात. अर्थात् असा कडक आहार वैद्यांच्या देखरेखीवांचून कोणीं करूं नये. औषध अगर इन्शुलिन घेणाऱ्यांनीं तर मुळींच नाहीं.

आपल्या हातीं आहे तें साधें आहे. कळण्याची भाकर आणि भरीत अवश्य खावें, पण तेल मापानें घ्यावें. रोज चालावें, कारण राबणारा स्नायू मेदाम्लें जाळून टाकतो. आणि घरांत मधुमेह असेल तर अंगानें सडपातळ असलेल्यांनींही रक्त तपासून घ्यावें. वखार रिकामी करण्याची वेळ माल रस्त्यावर येण्यापूर्वींची असते.