सकाळी मूठ वळत नाही तेव्हा

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आरोग्याच्या विषयावर जे बोलले, ते लिहून देत आहे. ज्या गटांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांनी मागितलं होतं.)



आज कर्ज, व्याज, हप्ता यातलं काहीच बोलणार नाही, निवांत बसा. आधी एक करा. दोन्ही हात पुढे घ्या आणि घट्ट मूठ वळा. आता उघडा. इथे दुपारी बहुतेकींची वळली. पण सकाळी उठल्या उठल्या अशीच वळते का, ते आठवून बघा. मागे दोघी-तिघी एकमेकींकडे बघून हसल्या, मला दिसलं. आजचा विषय त्यांच्यासाठीच आहे.

आपल्याच एका गटातल्या काकूंचं सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय. "सांग, पण नाव नको घेऊ बाई, घरात पोरीचं लग्न काढायचंय," एवढंच त्या म्हणाल्या. म्हणून नाव नाही आणि गावही नाही.

काकू 41 वर्षांच्या, गटाच्या कोषाध्यक्ष. गटाची बैठक दर आठवड्याला सकाळी नऊला. उशीर झाला की 10 रुपये दंड, हा गटाचा नियम. काकूंनी सलग अकरा बैठकांना दंड भरला. दंड लावा म्हणून आग्रह धरणारी मीच होते. त्यांची सही आधी टपोरी असायची, ती हळूहळू वाकडी व्हायला लागली. मग त्या वही दुसरीकडे सरकवायला लागल्या, "तूच लिही गं." नोटा मोजायच्या म्हटलं की दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायच्या. आम्हाला वाटलं, हिशेबात काहीतरी गडबड आहे. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं. दोन बैठका आम्ही वही तपासण्यात घालवल्या. पैसा न् पैसा बरोबर निघाला.

त्यानंतर एकदा मी सकाळी सातला त्यांच्या घरी गेले. काकू चुलीपाशी कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसल्या होत्या आणि धाकटी, नववीतली पोरगी, भाकरी थापत होती. तिचा शाळेचा पहिला तास रोज बुडत होता. काकू म्हणाल्या, "साडेदहापर्यंत हे हात माझे नसतात गं."

हा आजार म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. गावात सगळ्यालाच आपण 'वात' म्हणतो, तिथेच घोळ होतो. वयाप्रमाणे गुडघे झिजतात, दिवसभर राबून संध्याकाळी ठणकतात, तो झिजेचा संधिवात वेगळा. हा दुसरा आहे. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक राखण असते. राखणीचं कुत्रं घरच्याच माणसांना चावायला लागावं, तसं इथे होतं. ती राखणच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा दोन-तीन पट जास्त होतो, आणि म्हातारपणीच होतो असं नाही. तिशी-चाळिशीत, ऐन राबायच्या वयात गाठतो.

आता मनगटाकडे या. मनगट म्हणजे एक हाड नाही. सागरगोट्यांसारखी आठ लहान हाडं दोन ओळींत बसलेली असतात आणि मागे हाताची दोन लांब हाडं. ब्लाउजला आतून अस्तर असतं ना, तसं या सांध्यांना आतून मऊ अस्तर असतं. आजारात ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि मग हाड-कुर्चा खायला लागतं. मनगटाच्या पाठीवर मऊ, गरम फुगवटा येतो. दोन्ही हातांना येतो, बहुतेक वेळा बोटांच्या मुळांच्या सांध्यांनाही. सकाळी हात आखडलेले असतात, ते पाच मिनिटांत सुटत नाहीत, तास-तास लागतो. हीच मोठी खूण. आणखी एक सांगते. अस्तर सुजलं की मनगटातून जाणारी शीर दबते आणि रात्री अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट यांना मुंग्या येतात, बाई झोपेतून उठून हात झटकते. कुणी झटकतं का? बरं, नंतर बोलू.

काकूंनी काय केलं ते ऐका. बाजारच्या दिवशी एक जण पुड्या विकायला बसायचा, त्याच्याकडून पुडी आणली. दोन दिवसांत हात मोकळे! काकूंना वाटलं देव पावला. दीड वर्ष त्या पुड्या खाल्ल्या. मग तोंड गोल सुजलं, साखर वाढली, अंगावर जरा कुठे लागलं की काळंनिळं व्हायला लागलं. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने दुखणं झाकलं जातं, पण आत सांधा खाल्ला जायचा तो जातोच. कुणी अशी पुडी घेत असेल तर आज एकदम बंदही करू नका. बरेच दिवस घेतल्यावर अचानक सोडली तर चक्कर येऊन पडायची वेळ येते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते कमी कमी करत सोडवतात. दुखणं थांबवायच्या साध्या गोळ्यांचंही तसंच आहे. मेडिकलमधून आणून महिनोन्महिने खाल्ल्या की पोटात अल्सर होतो, किडनीवर जातं. आणि हो, सुजलेलं मनगट 'बसवून' घ्यायला कुणाकडे ओढायला देऊ नका. ते निखळलेलंच नसतं, ते बसवणार काय?

मी काकूंना दवाखान्यात नेलं तोवर त्यांची डाव्या हाताची करंगळी खाली पडली होती. उचलायची म्हटलं तरी उचलत नव्हती. "दुखली पण नाही गं, एक दिवस धुणं धुताना बघितलं तर लोंबतेय," असं त्या सांगत होत्या. डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. करंगळीच्या बाजूला मनगटावर जे हाडाचं टोक वर दिसतं, ते आजारात सैल होतं, खरबरीत होतं. बोट उचलणारी दोरी त्याच्यावरून जाते. विहिरीच्या दगडी कडेवर दोर घासून घासून तुटतो, तशी ती तुटली. आधी करंगळीची तुटते, मग शेजारच्या बोटाची, एकेक करत. म्हणून बोट अचानक उचलेनासं झालं तर 'दुखत नाही ना' म्हणून घरी बसायचं नाही. त्याच आठवड्यात निघायचं.

दाखवायचं कुठे? आपण थेट हाडाच्या डॉक्टरांकडे जातो. या आजाराला आधी मेडिसिनचे डॉक्टर लागतात, संधिवाताचे तज्ज्ञ मिळाले तर फारच उत्तम. सुरुवात ग्रामीण रुग्णालयातून करा, तिथून जिल्ह्याला चिठ्ठी मिळते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासणी मोफत आहे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वेगळ्या खात्याचं, तिथे थोडी फी लागू शकते. डॉक्टर हात दाबून बघतात, हातांचा एक्स-रे काढतात, रक्त तपासतात. आरए फॅक्टर, अँटी सीसीपी, ईएसआर, सीआरपी अशी तपासण्यांची नावं असतात. (ही सीआरपी म्हणजे आपली गावातली सीआरपी ताई नव्हे. दवाखान्यात नाव ऐकून एकीने मला विचारलं होतं, "ती कशाला यायला पाहिजे?") आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आजार नाहीच असं नसतं, आणि पॉझिटिव्ह आला म्हणजे आहेच असंही नसतं. चिकुनगुन्यानंतरही सांधे असेच धरतात. म्हणून रिपोर्ट शेजारणीला दाखवून निर्णय घेऊ नका.

औषधाचं जरा सावकाश सांगते, कारण इथे चूक झाली तर जिवावर बेतते. या आजारात बहुतेकांना पहिली गोळी मिळते ती मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. चुकून रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, माणूस दगावू शकतो. काकूंच्या घरी कॅलेंडरवर प्रत्येक शनिवारी कुंकवाचा टिळा आहे, गोळी घेतली की त्यावर पेनाने फुली. तिच्यासोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी असते, ती डॉक्टर सांगतील त्या दिवशी. मेडिकलवाला म्हणतो "ही कॅन्सरची गोळी आहे," आणि बाई घाबरून बंद करते. कॅन्सरमध्ये हीच गोळी कितीतरी मोठ्या मात्रेत देतात, हे खरं. इथे मात्रा थोडी असते. पण ठरल्या वेळेला रक्त तपासायचंच, लिव्हरसाठी आणि पेशींसाठी. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला, दम लागणं, यातलं काही झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठायचं.

आता सुनांनो, नीट ऐका. दिवस राहायचे असतील, राहिले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ही गोळी चालत नाही, पोटातल्या बाळाला धोका असतो. डॉक्टरांना लाजून गप्प बसू नका. त्या काळात चालणारी दुसरी औषधं असतात. मूल हवं असेल तर काही महिने आधी सांगायचं.

आणखी एक. ही गोळी पुडीसारखी दोन दिवसांत गुण देत नाही. सहा ते बारा आठवडे लागतात. काकू चौथ्या शनिवारी वैतागल्या होत्या, "काही फरक नाही, सोडते." त्या वेळी घरी रोज जाऊन बसणारी त्यांची गटातलीच मैत्रीण होती, म्हणून टिकल्या. मधल्या काळात डॉक्टर थोडं स्टेरॉइड देतात, पण मोजून आणि मुदतीचं. गुण आला नाही तर दुसरी गोळी जोडतात. आजार सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांतच औषध सुरू झालं तर सांधे पुष्कळ वाचतात. एकदा खाल्लेलं हाड गोळीने परत येत नाही. काकूंचं मनगट पूर्वीसारखं मागे वळत नाही, वळणारही नाही.

त्यांचं ऑपरेशन झालं. हाडाचं ते खरबरीत टोक काढलं आणि तुटलेली दोरी शेजारच्या बोटाच्या दोरीला जोडली. मनगट फारच खराब असेल तर ते एका जागी पक्कं करतात. वाकत नाही, पण दुखायचं थांबतं आणि पकडीत जोर येतो. पण हे सगळं शेवटचं. आधी औषध.

मनगटाची रोजची काळजी सांगते. सूज असताना मनगटाला पट्टा बांधून काम करा, रात्रीही बांधा. पण दिवसभर बांधून हात तसाच ठेवला तर आखडतो, म्हणून पट्टा सोडून कोमट पाण्यात हात वर-खाली, मूठ उघड-मिट. पातेलं कडेने बोटांत धरून उचलू नका, दोन्ही तळव्यांवर घ्या. धुणं पिळू नका. नळाला किंवा खांबाला वेढा देऊन दोन्ही हातांनी ओढा. भाकरी हातावर न थापता परातीत थापा, आणि घरातल्या पुरुषाला थापता आली तरी आभाळ कोसळत नाही. कळशी कमरेवर घ्या, मनगटावर लटकवू नका. काकूंनी पेनाला चिंधी गुंडाळून जाड केलंय. आता वही परत त्याच लिहितात.

खाण्याबद्दल मला दर वेळी विचारतात. दही बंद, डाळ बंद, वांगं बंद. आधीच आपण उरलंसुरलं खातो, त्यात डाळ पण बंद केली तर अंगात रक्त कुठून येणार? या आजारात तसंही रक्त कमी होतं. सगळं खा. घरात कुणी विडी ओढत असेल तर ती मात्र बंद, तिने हा आजार वाढतो.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, पण बैठकीत आपण ते 'सर्व ठीक' म्हणून उरकतो. खरं तर सही, नोटा मोजणं, वेळेवर येणं, यातून बाईचे हात आपल्याला दर आठवड्याला दिसतात. डॉक्टरांना तेवढे दिसत नाहीत. त्या गटाने ठराव करून काकूंचे 110 रुपये परत दिले. काकूंनी ते घेतले नाहीत, बचतीत टाका म्हणाल्या. बैठक आता दुपारी दोनला असते. आजारपणासाठीच्या कर्जाला 'हे उत्पादक नाही' म्हणून मागे ठेवायचं की नाही, यावर त्या गटात अजून भांडण चालू आहे. तुमच्या गटातही होऊ द्या.

आता चहा आहे. ज्यांची मूठ सकाळी वळत नाही, ज्या रात्री हात झटकतात, त्यांनी चहानंतर पायरीपाशी थांबा. आशाताई आणि मी नावं लिहून घेतो. गुरुवारी ग्रामीण रुग्णालयात जायचं. आठची एसटी नको, साडेनऊची धरू, तोवर हात जरा सुटलेले असतील. येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि पुड्या असतील तर त्याही पिशवीत घालून आणा. कुणी रागावणार नाही.