एक गोणी आणि अख्खी गाडी



आपल्या शिरूरला रेल्वे नाही. आपला कांदा ट्रकमध्ये बसून पुणे-नगर रस्त्याने जातो. तरी दौंडची गोष्ट आपल्या कामाची आहे. ती ऐका.

दौंड हे मोठे जंक्शन. मुंबई-सोलापूर मार्ग इथून जातो. इथूनच एक फाटा मनमाडला जातो, एक बारामतीला. पूर्वी मुख्य मार्गावर जी. आय. पी. रेल्वे होती. मनमाडपासून औरंगाबादकडे निजामाची रेल्वे होती. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी या दोन्ही आणि आणखी काही रेल्वे एक झाल्या. त्यांची मध्य रेल्वे बनली.

मालक एक झाला. मग माल सरळ जाऊ लागला का? नाही! मुख्य रूळ रुंद होते. निजामाचे रूळ त्याहून अरुंद. बारामतीचे तर फारच अरुंद, अवघे अडीच फूट. एका रुळावरची वाघीण दुसऱ्यावर चालेना. दौंडला, मनमाडला हमालांनी गोणी उतरवायची आणि दुसऱ्या वाघिणीत चढवायची. वेळ जाई, पोती फाटत. पण हमालाची चूल त्यावरच पेटत होती. पुढे रूळ सारखे झाले. मालाची अडचण सरली, हमालाचे ते काम गेले.

आता दुसरी गोष्ट. पूर्वी थोड्या गोण्या घेऊनही मालधक्क्यावर जाता येई. बिल्टी केली की काम झाले. पण अशा सुट्या वाघिणी जोडायला-सोडायला यार्डात दिवसच्या दिवस जात. म्हणून १९८० नंतर रेल्वेने अख्ख्या गाडीवर भर दिला. अख्खी गाडी म्हणजे चाळीसएक वाघिणी, दोन-अडीच हजार टन माल! रेल्वेचे काम सोपे झाले. लहान माणूस मात्र धक्क्याबाहेर राहिला. १९५१ च्या सुमारास देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा दहात जवळजवळ नऊ हिस्से होता. आता तो तीन हिश्शांच्या आसपास आहे. बाकीचा बहुतेक माल ट्रकने पळवला.

आज दौंडवरून कोळशाच्या, सिमेंटच्या लांबच लांब गाड्या धडधडत जातात. मनमाड-सोलापूर गाड्यांना तर बाहेरून वेगळा रूळ झाला. इंजिन फिरवायला दौंडात थांबायला नको. गाड्या पुष्कळ, पण त्यांत आपली गोणी किती?

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून पहिली किसान रेल्वे सुटली. तीत थोडा मालही घेत. पुढे भाजी-फळांच्या भाड्यात निम्मी सूटही मिळाली. पण सवलत आज येते, उद्या जाते. तिच्यावर विसंबून कसे चालेल?

नाशिककडचा कांदा अख्ख्या गाड्या भरून दूर बंगालपर्यंत जातो. आपण का भरू नये? एकट्याने जमणार नाही, हे खरे. पण सोसायटीने, बाजार समितीने, शिरूर-दौंड दोन्ही तालुक्यांनी मिळून मनावर घेतले तर?

रेल्वे एक झाल्या, तशी आपली गोणीही एक होऊ द्या. आणि बिल्टीवर अंगठा नको, सही करा. वजन किती, भाडे किती, ते आधी स्वतः वाचा.