अंशांचा हिशेब

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शस्त्रक्रियेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. मोजमापाविषयी मात्र थोडासा आहे. एकाने मोजलेली रोकड दुसऱ्याने मोजल्याविना तिजोरीला कुलूप लावायचे नाही, ही शिस्त मी आयुष्यभर पाळत आलो.

गतवर्षी एक शिक्षिका पायाचा अंगठा वाकडा होण्याच्या विकाराने आमच्याकडे आल्या. डॉक्टर त्यास ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. त्यांच्याजवळ दोन ठिकाणी, दोन महिन्यांच्या अंतराने काढलेली क्ष-किरण चित्रे होती. तळपायातील पहिल्या व दुसऱ्या लांब हाडांमधला कोन एकावर ११ अंश, दुसऱ्यावर १४ अंश लिहिलेला. (सर्वसाधारणपणे तो ९ अंशांच्या आत असतो.) त्यांच्या यजमानांनी मला रोखठोक विचारले, “साहेब, दोन महिन्यांत हाड इतके सरकते का?”

हाड सरकले नव्हते. पहिले चित्र झोपवून काढलेले, दुसरे उभे करून. अंगावरचा भार पडला की पाऊल पसरते. काही फरक मोजणाऱ्याच्या पेन्सिलीचाही असू शकेल, असे आमच्या शल्यविशारदांनी प्रांजळपणे सांगितले. हाड कोठे कापावयाचे, हे बऱ्याच अंशी याच कोनावरून ठरते. कोन मोठा असल्यास हाडाच्या मुळाशी छेद घेण्याकडे कल असतो. म्हणून तीन अंश क्षुल्लक नव्हेत.

‘फूट अँड अँकल इंटरनॅशनल’ या नियतकालिकात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनेक डॉक्टरांनी तीच चित्रे पुनःपुन्हा मोजली. हा कोन बहुतेक वेळा पाच अंशांच्या आत जुळला. सांध्याच्या पृष्ठभागाचा कोन मात्र पुष्कळ कमी विश्वासार्ह ठरला. पाच अंशांची सूट माझ्यासारख्या हिशेबनिसाला फारच उदार वाटते!

आता आपल्याकडे असे चित्र रुग्णास उभे करूनच काढतात. दोन डॉक्टर एकमेकांचा आकडा न पाहता कोन मोजतात आणि दोन्ही आकडे केसपेपरवर नोंदवले जातात. बाईंच्या नव्या चित्रावर १३ व १४ आले. तथापि शस्त्रक्रिया वेदनेसाठी करावयाची असते, कोनासाठी नव्हे, असे डॉक्टरांनी त्यांना समजावले. सध्या त्या रुंद चपला वापरीत आहेत. पुढचा विचार सुटीत करणार आहेत.

उभे राहण्यासाठी लागणारा लाकडी ओटा आपल्याच सुताराने केला. त्याचा खर्च ताळेबंदासोबतच्या जमाखर्चात ‘किरकोळ दुरुस्ती’ या सदराखाली आढळेल.