अतिनील दिव्यानंतरचे पाणी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



गेल्या वर्षभरात डायलिसिस विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांनी आम्हांस एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला : अतिनील किरणांनी पाणी शुद्ध करताना त्यात काही घातक तर तयार होत नाही ना? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर घरासाठी एक आणि रुग्णालयासाठी दुसरे आहे.

प्रथम घराचे. डोंबिवलीत नळाला येणारे पाणी प्रामुख्याने उल्हास नदीचे असून ते क्लोरीनने निर्जंतुक केलेले असते. क्लोरीनमुळे पटकी, विषमज्वर यांसारखे रोग आटोक्यात आले. मात्र पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ बनतात, हे रॉटरडॅम येथील योहानेस रूक यांनी १९७४ साली दाखवून दिले. अतिनील दिवा पाण्यात काहीही मिसळत नाही. त्याचे सुमारे २५४ नॅनोमीटर लांबीचे किरण जंतूंच्या जनुकद्रव्यावर आघात करून त्यांची वाढ थांबवितात. पटकीच्या १९९२-९३ मधील साथीनंतर मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. अशोक गाडगीळ यांनी अमेरिकेतील बर्कले येथे गरीब वस्त्यांसाठी जे स्वस्त यंत्र विकसित केले, ते याच तत्त्वावर चालते. २४० नॅनोमीटरहून कमी लांबीचे किरण देणारे विशेष दिवे पाण्यातील नायट्रेटचे अल्प प्रमाणात नायट्राइट करू शकतात. घरगुती यंत्रांत सहसा असे दिवे नसतात. तेव्हा या भीतीने घरचे यंत्र बंद करू नये. काळजी घ्यावी ती अन्य गोष्टींची. पाणी गढूळ असल्यास किरण जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. जुना दिवा उजळलेला दिसला तरी त्याची शक्ती क्षीण झालेली असू शकते. शिवाय क्लोरीनप्रमाणे नंतरचे संरक्षण या किरणांत नाही. म्हणून असे पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातच ठेवावे.

आता रुग्णालयाचे. निरोगी माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि त्याची आतडी त्याचे रक्षण करतात. डायलिसिसच्या चार तासांत रुग्णाच्या रक्ताशेजारून सुमारे १२० लिटर द्रव वाहतो. मध्ये असतो केवळ एक पातळ पडदा. क्लोरीन रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, म्हणून तो कोळशाच्या गाळणीने आधीच काढावा लागतो. क्लोरीन गेला की पाणी निराधार होते आणि नळ्यांत जंतू वाढू लागतात. त्यांना रोखण्यासाठी अतिनील दिवा बसवितात. परंतु निकामी झालेल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे, म्हणजेच एंडोटॉक्सिन नावाचे विष, पाण्यातच राहते. ते पडदा ओलांडून रक्तात गेल्यास हुडहुडी भरते, ताप येतो, रक्तदाब घसरतो. दिव्याच्या वापराचा खरा घातक शेष तो हाच.

म्हणून दिव्याच्या पुढे अतिसूक्ष्म गाळणी अनिवार्य आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार डायलिसिसच्या पाण्यात एंडोटॉक्सिन दर मिलिलिटरला ०.२५ एककांहून कमी आणि जंतू १०० हून कमी असावे लागतात. ते तसे आहेत की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी नियमित तपासणीच करावी लागते.

देणगीदारांस आमची एक नम्र विनंती आहे. आपण उदार हस्ते यंत्रे दिलीत, त्यांवर आपल्या आप्तांची नावे कोरली गेली. गाळणीवर मात्र नाव कोरता येत नाही. ती काही महिन्यांनी बदलून टाकावी लागते. दिवा, गाळणी आणि तपासणी यांचा खर्च दरवर्षी नव्याने उभा राहतो. त्यात हात आखडला, तर लाखमोलाचे यंत्रही रुग्णास अपाय करू शकते. आपल्या दानाचा काही अंश या न दिसणाऱ्या कामासाठी राखून ठेवावा.

नातेवाइकांना एवढेच सांगणे : डायलिसिस चालू असताना रुग्णास थंडी वाजली, तर संकोच न करता तत्काळ परिचारिकेस सांगा. पाण्याच्या तपासणीची नोंदवही पाहण्याचा आग्रह धरा. तो आमच्यावरील अविश्वास आहे असे आम्ही मानणार नाही. त्याने आमचे काम अधिक चोख होईल.