हादऱ्यांचा हिशेब

(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेले व्याख्यान)



गुजरातेत राहून मराठीतून शिकलेल्या मुलाला विज्ञान तीन भाषांत पाठ करावे लागते, ही तक्रार आमच्या काळीही होती. पुढे अणुवीज केंद्रांच्या इमारतींचे आराखडे करण्यात माझे आयुष्य गेले. तेथे सारी परिभाषा इंग्रजी. परंतु मनातला विचार मात्र ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ याच शब्दांत चालत असे. आजचे व्याख्यान बहुतांशी त्या एका सूत्राचाच विस्तार आहे.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छात ७.७ क्षमतेचा भूकंप झाला. केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. सुरतेजवळचे काकरापारचे अणुवीज केंद्र मात्र चालूच राहिले. यावरून अणुकेंद्र पोलादी असते आणि आपली घरे मेणाची, असा अर्थ काढणे घाईचे होईल. काकरापार केंद्रबिंदूपासून आणखी दूर होते. शिवाय प्रत्येक इमारतीला झोपाळ्यासारखी स्वतःची एक लय असते. साबरमतीच्या खोल गाळाने भूकंपाच्या काही संथ लहरी वाढवल्या, त्या लहरींची लय काही इमारतींच्या लयीशी जुळली आणि अनुनाद घडला. त्यातच तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा होता, खाली नुसते खांब होते. सारे वाकणे त्या खांबांवर आले आणि ते मोडले.

अणुकेंद्राचा अभियंता याच प्रश्नाला जागा निवडण्यापासून हात घालतो. सभोवतालच्या सुमारे तीनशे किलोमीटरच्या परिसरातील भूकंपांचा व भ्रंशांचा इतिहास तपासला जातो. पाच किलोमीटरच्या आत हालचाल करू शकणारा भ्रंश आढळला, तर ती जागाच बाद होते. त्यानंतर दोन पातळ्यांचे भूकंप गृहीत धरतात. पहिला साधारण शंभर वर्षांतून एकदा संभवणारा. त्यानंतरही केंद्र चालवता आले पाहिजे. दुसरा दहा हजार वर्षांतून एकदा संभवणारा. त्यात भट्टी सुरक्षितपणे बंद व्हावी, थंड राहावी आणि किरणोत्सार कोंडलेला राहावा, एवढीच अपेक्षा असते. दहा हजार वर्षे हा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नये. साठ वर्षांच्या आयुष्यात अशा भूकंपाची शक्यता हजारात सहा इतकी येते.

आपल्या देशात या शास्त्राला कोयनेने जाग आणली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपाची धरणातील उपकरणावर झालेली नोंद आजही जगभर अभ्यासली जाते. तोपर्यंत दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित मानले जात होते.

आता विमानाकडे वळू. १९६८ साली रिएरा या अभियंत्याने विमानाच्या आघाताचे गणित मांडले. विमान पुष्कळसे पोकळ असते. ते नाकापासून चेपत येते. भिंतीवरील बल दर क्षणी दोन गोष्टींनी ठरते: सांगाडा चेपण्यास लागणारे बल, आणि त्या क्षणी आदळणाऱ्या भागाचे दर मीटरचे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. १९८८ मध्ये अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेने एक फँटम लढाऊ विमान सेकंदाला सुमारे २१५ मीटर वेगाने काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यावर आदळवले. विमानाचा चुरा झाला. ठोकळ्यावर काही सेंटिमीटरची खोक पडली. त्याचे चित्रण दाखवून ‘पाहा, काहीच होत नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते मला पटत नाही. तो ठोकळा साडेतीन मीटरहून जाड होता आणि प्रयोग बल मोजण्यासाठी होता. कोणत्याही केंद्राची भिंत तेथे तपासली गेली नव्हती. प्रत्यक्षात इंजिनाचा घन दांडा भिंतीत कोठवर शिरतो, इंधनाची आग कोठे पसरते आणि हादरा आतल्या उपकरणांपर्यंत किती पोचतो, हे वेगवेगळे तपासावे लागते. ११ सप्टेंबर २००१ नंतर या तपासणीला धार आली. अमेरिकेने २००९ पासून नव्या अणुभट्ट्यांसाठी मोठ्या प्रवासी विमानाच्या आघाताचे मूल्यमापन सक्तीचे केले.

येथे खरी कोंडी उभी राहते. विमानासाठी भिंत जितकी जाड, तितके वस्तुमान अधिक. आणि वस्तुमान अधिक म्हणजे भूकंपाचे बलही अधिक. काकरापारच्या नव्या सातशे मेगावॉटच्या भट्ट्यांभोवती दोन कवचे आहेत. आतले पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे, पोलादी अस्तर असलेले, आतला दाब व वायू कोंडण्यासाठी. बाहेरचे सलोह काँक्रीटचे. मधल्या पोकळीत दाब किंचित कमी ठेवतात, म्हणजे गळती झालीच तर ती बाहेर न जाता तेथेच अडते. फ्रान्समधील क्रुआस येथे दुसरा मार्ग धरला आहे. तेथे अणुकेंद्राच्या इमारती रबरी गाद्यांवर उभ्या आहेत. भूकंपानंतर पुन्हा बांधलेले भूजचे रुग्णालयही शिसे-रबराच्या आधारांवर बसवले आहे.

माझ्या मते लोकांचे लक्ष भिंतीच्या जाडीवर गरजेपेक्षा अधिक खिळते. जपानमधील काशिवाझाकी-कारिवा येथे १६ जुलै २००७ रोजी एका भट्टीच्या तळघरात २७३ गॅलच्या अपेक्षेऐवजी ६८० गॅल त्वरण नोंदले गेले. भट्ट्या सुरक्षितपणे थांबल्या, कारण आराखड्यात राखीव ताकद पुष्कळ होती. पण बाहेर जमीन खचली, ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि ती विझवणाऱ्या पाण्याचे नळच फुटलेले होते. २०११ मध्ये फुकुशिमाच्या भट्ट्या भूकंप होताच बंद पडल्या. घात झाला तो तळघरातील डिझेल जनित्रे त्सुनामीच्या पाण्यात बुडाल्यामुळे. ओनागावाचे केंद्र त्या भूकंपाच्या केंद्रबिंदूला अधिक जवळ असूनही वाचले, कारण ते मुळातच उंचावर बांधले होते.

म्हणून आमच्या कामातला मोठा वेळ काँक्रीटपेक्षा किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंवर जातो. वरच्या मजल्यावर जमिनीपेक्षा हादरा वाढलेला असतो. तेथील रिले, बॅटरी, पंप यांसाठी मजल्यागणिक वेगळे गणित करावे लागते. अशी उपकरणे बंगळुरूच्या कंपनमंचावर प्रत्यक्ष हलवून पाहता येतात. एखादे साधे कपाट जमिनीला बोल्टने जखडलेले नसेल, तर ते कलंडून शेजारचा नियंत्रण-फलक निकामी करू शकते.

२००१ च्या त्या सकाळी अंजारला प्रजासत्ताकदिनाच्या फेरीतील शंभराहून अधिक मुले, शिक्षकांसह, अरुंद गल्लीतील घरांखाली गाडली गेली. ती घरे कोणत्याही हिशेबात नव्हती. आज व्याख्यानापूर्वी मी शाळेची इमारत पाहून आलो. खांब चांगले आहेत, तळमजला मोकळा नाही. मात्र रसायनशाळेतील काचसामानाची उंच कपाटे भिंतीला अडकवलेली नाहीत आणि त्यांतील दोन नेमकी दाराशेजारी आहेत. मुख्याध्यापिकाबाईंशी बोललो. दाराजवळची दोन्ही कपाटे उद्या हलवू, आणि बाकीच्यांना लोखंडी कोनपट्ट्या बसवण्याचे काम दहावीची मुले माझ्या देखरेखीखाली येत्या रविवारी करतील.