लेक परदेशी शिकवते : काही अनुभव, काही सूचना

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



समितीने आम्हाला सांगितले की, यंदा तुम्ही बाबासाहेबांच्या चरित्रावर नका बोलू, ते दरवर्षी बोलताच. यंदा तुमच्या पोरीबद्दल बोला. आम्ही म्हटले, घरची गोष्ट स्टेजवरून काय सांगायची? तेव्हा समितीच्या सचिवांनी उत्तर दिले की, वस्तीतली आठ-दहा पोट्टी-पोट्टे बाहेर जायच्या गोष्टी करून रायले, त्यांना कोणी नीट सांगणारा नाही. म्हणून उभे झालो.

आम्ही गिरणीतले माणूस. १९८८ साली एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागलो, रिंग खात्यात. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ साली बंद पडली, तेव्हा आमची थोरली आठ वर्षांची होती. पुढे शहराबाहेरच्या एका सूतगिरणीत रात्रपाळी केली. आमचे इंग्रजी म्हणजे महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड आणि एक फाटका शब्दकोश. वाचता येते, बोलायला गेले की जीभ अडते. पोरीची मात्र अडली नाही. तिने नागपूर विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. केले, बी.एड. केले, आणि मे २०१८ मध्ये थायलंडच्या ईशान्य भागातल्या उदोन थानी शहरात इंग्रजी शिकवायला गेली. मार्च-एप्रिलची सुट्टी असल्यामुळे आज ती इथे बायांच्या रांगेत बसली आहे. आम्ही काही चुकीचे बोललो तर ती तिथूनच दुरुस्त करील.

तेव्हा लोक म्हणत, "पोरीले एवढ्या दूर काहून पाठवून रायले?" दूर म्हणजे किती? नागपूरहून गीतांजलीने हावडा, आणि कोलकात्याहून विमानाने बँकॉक अडीच तास. गाडीतच जास्त वेळ जातो.

पहिली गोष्ट पगाराची, कारण तीच सगळे विचारतात. तिथे जाहिराती निघतात, त्यात लिहिलेले असते की शिक्षक 'नेटिव्ह स्पीकर' पाहिजे. म्हणजे इंग्रजी ज्याची जन्मभाषा तो. आणि ते ठरवतात कशावरून? पासपोर्टवरून. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे मोजके देश. त्यातला कोणी व्याकरणात कच्चा असला तरी चालतो, आणि आमची पोरगी एम.ए. असून तिला टोईक नावाची परीक्षा देऊन दाखवावे लागले की मला इंग्रजी येते. ९९० पैकी ६०० तरी गुण बहुतेक शाळा मागतात. गोऱ्या शिक्षकापेक्षा पगार कमी. फिलिपाइन्सचे शिक्षक तिथे खूप आहेत, त्यांचीही हीच गत. तिने फोनवर हे सांगितले तेव्हा आम्ही म्हटले, बाई, हे तर आपल्या ओळखीचे आहे. जन्म कुठे झाला त्यावरून लायकी. फरक एवढाच की इथे गुण सिद्ध केल्यावर ती वरच्या वर्गांवर गेली आणि पगारही वाढला. आपल्या आजाला तर सिद्ध करायला जागाच नव्हती.

शाळेतले वातावरण मात्र तिला पहिल्या दिवसापासून आवडले. सकाळी आठ वाजता राष्ट्रगीत, झेंडा, मग पाली वंदना. पोरे हात जोडून मान वाकवतात. शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, तो आपला गुरूच. मोठ्या शिक्षकाला 'आचान', म्हणजे आचार्य. भाषा म्हणजे 'फासा', रविवार म्हणजे आदित्याचा वार. कॅलेंडरवर बुद्धवर्ष असते, २०२५ साल तिथे २५६८ होते. आम्हाला वाटले, चला, पोरगी आपल्याच घरात गेली.

पण तसे एकदम म्हणू नये. घराघरापुढे खांबावर छोटे देवघर, त्यात जागेच्या आत्म्याला सरबताची बाटली ठेवलेली. गळ्यात ताईत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरची पोरगी, तिला ते पटले नाही. आणि बायांना भिक्खुणीची दीक्षा द्यायला तिथल्या संघाची १९२८ पासून मनाई आहे, हे कळल्यावर तर ती दोन दिवस चिडून होती. बाबासाहेबांचे नाव शिक्षकांपैकी एकालाही माहीत नव्हते. तिने टेबलावर फोटो ठेवला, तेव्हा विचारले, हे तुझे आजोबा का? ती हो म्हणाली.

आता मुख्य विषय, फिरण्याचा. तिथल्या शाळेला ऑक्टोबरात सुट्टी, मग मार्च ते मे मोठी सुट्टी, एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान म्हणजे त्यांचे नवे वर्ष. शिवाय बुद्धपौर्णिमा, आषाढी पौर्णिमा, माघ पौर्णिमा यांच्या सुट्ट्या. उदोन थानीपासून लाओसची सीमा पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हणजे आपण नागपूरहून रामटेकला जातो, तसा तिथे परदेश होतो. मधे मेकाँग नदी, नदीवर १९९४ साली झालेला मैत्रीपूल, पलीकडे लाओसची राजधानी व्हिएन्तियान.

ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन मैत्रिणींबरोबर ती दोन दिवसांसाठी गेली. जाताना कोणी काही विचारले नाही. येताना नाक्यावरचा अधिकारी म्हणाला, तुझी राहण्याची परवानगी रद्द झाली. झाले असे की नोकरीसाठी एक वर्षाची परवानगी असली, तरी देश सोडण्याआधी पुन्हा आत येण्याचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. एका वेळचा हजार बाथ, अनेक वेळांचा ३८०० बाथ. तो न घेता बाहेर पाऊल टाकले की आधीचे सगळे कागद पाण्यात. शाळेच्या कार्यालयाने तिला हे सांगितलेच नव्हते, आणि तिनेही विचारले नव्हते.

त्या रात्री आम्ही तिसऱ्या पाळीला होतो. साच्यांच्या आवाजात फोन ऐकू येईना, म्हणून संडासापाशी जाऊन उभे झालो. ती म्हणाली, "बाबा, मी पुलाच्या इकडेच अडकली." आवाजात रडू होते. आम्हाला ना तो पूल माहीत, ना ती नदी. आम्ही तिला काय सांगणार? एवढेच विचारले, जेवलीस का? पैसे आहेत का? आठ दिवस ती व्हिएन्तियानमध्ये स्वस्तातल्या खोलीत राहिली, शाळेकडून नवे कागद मागवले, थाई वकिलातीच्या रांगेत उभी राहून नवा व्हिसा काढला. आठ दिवसांचा पगार कापला गेला तो गेला. त्या आठ दिवसांत तिची आई नीट झोपली नाही, आणि शेजारपाजाऱ्यांना आम्ही काही सांगितले नाही, कारण ते म्हणाले असते, आम्ही म्हणत नव्हतो का?

म्हणून जाणाऱ्यांनी हे लिहून घ्या. तो परवाना इमिग्रेशनच्या कार्यालयात मिळतो, मोठ्या विमानतळावरही मिळतो. जायच्या आदल्या दिवसावर ठेवू नका. दुसरे, सलग नव्वद दिवस राहिले की तिथे आपला पत्ता कळवावा लागतो, आणि मधे बाहेर जाऊन आले की दिवस पुन्हा एकपासून मोजतात. तिसरे, पर्यटक म्हणून जाऊन शिकवायचे आणि मुदत संपली की सीमा ओलांडून पुन्हा शिक्का मारून आणायचा, असे करणारे खूप होते. ते कायद्यात बसत नाही. शिकवायला नोकरीचा व्हिसा आणि कामाचा परवाना दोन्ही लागतात.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ती कंबोडियाला गेली, या वेळी परवाना घेऊन. अंगकोरची मंदिरे पाहिली, फोटो पाठवले. पण नॉम पेन्हहून तिचा फोन आला तो वेगळाच. तिथे तुओल स्लेंग नावाची जागा आहे. मुळात ती हायस्कूलची इमारत. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने तिचा तुरुंग केला. वर्गांमध्ये विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम बसेल अशा कोठड्या केल्या. हजारो माणसे तिथे डांबली, त्यांतली फार थोडी वाचली. शिक्षक, शिकलेले लोक शोधून शोधून मारले. भिक्खूंची चिवरे उतरवली. आमची पोरगी म्हणाली, "बाबा, माझ्या शाळेसारखीच शाळा आहे. तसाच व्हरांडा, तशीच फरशी." पुढे काही बोलली नाही. बौद्ध देशात असे कसे झाले, हा प्रश्न तिने आम्हाला विचारला. आम्ही पुस्तके धुंडाळली, उत्तर अजून सापडले नाही.

२०२० मध्ये कोरोना आला आणि सगळ्या सीमा बंद. दोन वर्षे ती घरीही येऊ शकली नाही, पडद्यावरून पोरांना शिकवत होती. लाओस उघडल्यावर २०२२ च्या ऑक्टोबरात ती व्हिएन्तियानहून लुआंग प्रबांगला गेली. चीनने बांधलेली नवी रेल्वे डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली आहे, दोन तासांत पोचवते. पहाटे भिक्खूंची रांग निघते आणि बाया गुडघ्यावर बसून त्यांच्या पात्रात चिकट भाताची मूठ टाकतात. आता ते पाहायला पर्यटक एवढे येतात की भिक्खूंच्या तोंडासमोर कॅमेरे धरतात. ती फोटो न काढता लांब उभी राहिली, हे ऐकून आम्हाला बरे वाटले.

१० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये आम्ही उभयता बारा दिवस जाऊन आलो. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. आमच्या सौ. म्हणाल्या, नाव तर आपल्या पुस्तकातले आहे. लेकीने आम्हाला तो पूल दाखवला. थायलंडात आपल्यासारखे डावीकडून चालतात, लाओसात उजवीकडून, आणि पुलाच्या टोकाशी गाड्या बाजू बदलतात. एका कामगाराला हे पाहून फार मजा वाटली. व्हिएन्तियानमध्ये सोनेरी थाट लुआंग स्तूप पाहिला. आणि एक केंद्र पाहिले, जिथे लाकडी आणि प्लॅस्टिकचे पाय टांगलेले आहेत. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या गरीब देशावर वीस लाख टनांच्या वर बॉम्ब टाकले. त्यांतले कित्येक फुटले नाहीत. शेतात नांगर लागला की आजही फुटतात. सौ. तिथे बराच वेळ एका लहान पायाकडे पाहत राहिल्या.

बाबासाहेबही या भागात थोड्या थोड्या दिवसांसाठीच गेले. १९५० च्या मेमध्ये कोलंबो आणि कँडी, १९५४ मध्ये दोनदा रंगून, नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू. शरीर साथ देत नव्हते. तरी धम्म पुस्तकात आहे की लोकांच्या जगण्यात, हे डोळ्यांनी पाहायला गेले. ते कॉलेजात शिकवणारे प्राध्यापकही होते, हे आपण विसरतो. आमच्या पोरीला रंगूनला जायचे होते. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे लष्कराने सत्ता घेतली, तेव्हापासून आम्ही तिला नको म्हणतो. कंबोडियाशीही २०२५ मध्ये थायलंडची लढाई झाली, जमिनीवरचे नाके बंद झाले. निघण्याआधी बातमी पाहावी.

आता शेवटचे, आणि ज्यासाठी खरे तर उभे झालो. दीड-दोन वर्षांआधी आपल्या वस्तीतल्या एका पोराला मोबाईलवर नोकरी आली. नाव घेत नाही. बँकॉकमध्ये कॉम्प्युटरचे काम, इंग्रजी येणे पुरे, तिकीट फुकट, पगार लाखाच्या घरात. आईने मंगळसूत्र मोडायची तयारी केली होती, एजंटचे पैसे द्यायला. तो पत्र घेऊन आमच्याकडे आला, लेकीला फोन लावला. तिने तीनच प्रश्न विचारले. व्हिसा कोणता? कंपनीचा पत्ता काय? विमानतळावरून कुठे नेणार? व्हिसा पर्यटकाचा. पत्ता नाही. आणि नेणार होते माए सोत नावाच्या गावाला. ते गाव बँकॉकपासून कित्येक तास लांब, म्यानमारच्या सीमेवर आहे. नदीपलीकडे म्यावडी. तिथे पोरांना कोंडून, मारून, फोनवरून लोकांना लुबाडण्याचे काम करवतात. लेक म्हणाली, जाऊ नको. तो आमच्यावर चिडला. स्वतःची पोरगी पाठवली आणि मला अडवता, म्हणाला. दोन महिने बोलला नाही.

मार्च २०२५ मध्ये सरकारने वायुदलाची विमाने पाठवून त्याच माए सोतहून पाचशेच्या वर भारतीय परत आणले. टीव्हीवर दाखवले. त्या रात्री तो घरी आला, काही न बोलता खुर्चीवर बसला, चहा प्यायला आणि गेला. आता तो इंग्रजीची परीक्षा देण्याची तयारी करून रायला. आज हजर आहे.

लेक पंधरा दिवस नागपुरात आहे. येत्या दोन्ही रविवारी सकाळी वंदनेनंतर ती विहाराच्या मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्याकडे कोणाचे नोकरीचे पत्र आले असेल त्यांनी ते घेऊन यावे, पैसे दिले असतील तरी यावे, लाजू नये. पदवीचे कागद आणि पासपोर्ट असला तर तोही आणावा. पोरींच्या आईबापांनी स्वतः यावे, नुसते पोरींना पाठवू नये.

जयभीम, नमो बुद्धाय.