हरवलेलें वर्ष

हायस्कूल सोडणारा प्रत्येक वर्ग निरोपाच्या दिवशीं मागें वळून पाहतो. अमेरिकेंतील आर्कन्सॉ संस्थानाच्या लिट्ल रॉक या राजधानींत मात्र १९५९ सालच्या वर्गाला मागें पाहण्यास शेवटचें वर्षच उरलें नव्हतें.

सेंट्रल हायस्कुलांत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी १९५७ च्या सप्टेंबरांत प्रथम शिरले, तेही अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं धाडलेल्या सैनिकांच्या पहाऱ्यांत. त्यांपैकीं अर्नेस्ट ग्रीन एकटाच शेवटच्या इयत्तेंत होता. २७ मे १९५८ रोजीं त्याचें नांव पुकारलें गेलें, तेव्हां इतरांसाठीं वाजलेल्या टाळ्या थांबल्या, अशी त्याचीच आठवण आहे. प्रेक्षकांत मार्टिन ल्यूथर किंग बसले होते.

पुढें घडलें तें अधिकच विपरीत. गोरीं व काळीं मुलें एका वर्गांत बसूं नयेत म्हणून गव्हर्नर फॉबस यांनीं त्याच सप्टेंबरांत शहरांतील चारही हायस्कुलें बंद केलीं, आणि मतदारांनीं त्यावर शिक्कामोर्तब केलें! सुमारें ३,६०० मुलांपुढें कुलुपें आलीं. करारानें बांधलेले शिक्षक रिकाम्या वर्गांत हजेरी लावीत. फुटबॉलचे सामने मात्र, काय नवल, चालूच राहिले. बहुतेक गोऱ्या मुलांना खासगी शाळा किंवा परगांवचे नातलग लाभले. कृष्णवर्णीयांपैकीं पुष्कळांना कोणतीच शाळा मिळाली नाहीं. कोणी सैन्यांत गेले, कोणी लग्न करून संसाराला लागले.

१९५९ च्या ऑगस्टांत दारें उघडलीं. नवांपैकीं कार्लोटा वॉल्स व जेफर्सन थॉमस १९६० सालीं तेथूनच उत्तीर्ण झालीं. त्याआधींच्या सालीं त्या शाळेंतून एकही विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला नाहीं.